बारावी पट्टी

युसुफ तांडेल माणसाकडे बघायचा तो माशाचे कल्ले उघडून बघावेत तसा. मिरकरवाड्याच्या बंदरातून चाळीस वर्षं होडी चालवून त्याला एवढंच कळलं होतं, की वरून सगळेच ताजे दिसतात. होडी आता हातातून सुटली होती, संशय मात्र जागच्या जागी होता. आणि सध्या तो सगळाच्या सगळा जुनेदच्या वाट्याला आला होता.

जुनेद खेडचा. मस्कतला लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा, सुट्टीवर आला होता. युसुफची लेक अलिझा हिला तो पसंत होता. तिच्या आईला, साबेराला, तर फारच. रविवारी त्याच्या घरी होकार-नकार कळवायचा होता आणि तो शब्द युसुफच्या तोंडून जायचा होता. एकुलती एक पोर. माणूस ओळखण्यात आपण चुकलो तर भोगणार ती, या धास्तीने त्याला आठवडाभर धड जेवण गेलं नव्हतं.

आणि अशा वेळी हा पठ्ठ्या मिठाई सोडून खेळणं घेऊन आला. खोक्यावर चित्र होतं: बारा पायांचं प्लास्टिकचं जनावर आणि त्याच्या पाठीवर पंखा. तुकडे जोडायचे, वाऱ्यात ठेवायचं, की ते आपसूक चालायला लागतं म्हणे.

“बॅटरी कुठं हाय?” युसुफने विचारलं.

“बॅटरी नाय, चाचा. नुसता वारा.”

अठ्ठावीस वर्षांचा घोडा खेळणं जोडतो, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, असं युसुफने मनाशी ठरवून टाकलं.

जुनेद हात धुवायला मागच्या दारी गेला आणि युसुफला आपली जुनी युक्ती आठवली. नवा खलाशी आला की पहिल्याच दिवशी तो त्याच्या सामानातली एक वस्तू गुपचूप काढून ठेवायचा, एखादा गळ नाहीतर जाळं विणायची सुई. पोरगा “तांडेल, एक कमी हाय” म्हणाला, की हसून परत द्यायची आणि त्याला ठेवून घ्यायचं. गप्प राहून वेळ मारून नेली, तर त्याच फेरीला बंदरावर उतरवायचं. भर समुद्रात उणीव लपवणारा माणूस सगळ्यांना घेऊन बुडतो, असं त्याचं साधं गणित होतं.

त्याने खोक्यातली एक पट्टी उचलून सदऱ्याच्या खिशात टाकली.

जुनेद आला. पडवीत चादर पसरून त्याने तुकडे मांडले, चित्राशी ताडून दोनदा मोजले. तेवढ्यात अलिझा सांदणांची ताटली घेऊन आली आणि उंबऱ्यावर बसली.

“चाचा, पायांच्या पट्ट्या बारा पायजेत. अकराच हायत.”

खरं तर इथे हसून पट्टी काढून द्यायची. पण युसुफची नजर अलिझाकडे गेली. ही युक्ती ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती. तिनेच तर फोनवर सांगून ठेवलं नसेल? नाहीतर इतक्या झटपट याला कळलं कसं?

“मना काय म्हायत?” तो म्हणाला. “कंपनीनंच कमी दिली असंल.” आणि त्याचा हात नकळत खिशावर गेला.

जुनेदने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग साबेराकडून एक जुना टूथब्रश मागून घेतला. त्याचा हिरवा दांडा कापून मापाला आणला, सुई तापवून दोन्ही टोकांना भोकं पाडली. युसुफ समोरून हलला नाही. पोरगा कंपनीला शिव्या देत नव्हता, हे संशयास्पद होतं. अलिझाकडे चोरून बघत नव्हता, हे त्याहून संशयास्पद. आणि तिसरं सांदण त्याने आग्रह न करता घेतलं, तेव्हा तर युसुफची खात्रीच झाली. कसली, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

चारच्या सुमारास खारा वारा सुटला. जुनेदने जनावर घरापुढच्या खळ्यात ठेवलं. पंखा फिरला आणि बाराही पाय एकामागून एक उचलले जाऊ लागले. हिरवा पाय जरासा लंगडत होता, पण जनावर चाललं, थेट कडेला रचलेल्या तुळयांच्या ढिगापर्यंत. अलिझाने टाळ्या वाजवल्या. वारा पायांनी चालताना युसुफने जन्मात पाहिला नव्हता. त्यालाही हसू आलं आणि त्याने ते मिशीत दाबलं.

निघताना जुनेद फाटकाशी त्याच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “चाचा, ती पट्टी खिशातून काढून ठेवा. धुण्यात जाईल.”

युसुफने मागे वळून दाराकडे पाहिलं. “तुला कधी कळला?”

“मोजतानाच. टोक बाहेर दिसत होता.”

“मंग तवाच का नाय बोललास?”

“अलिझा समोर बसली होती,” जुनेद म्हणाला आणि गाडीकडे वळला.

युसुफ खिशावर हात ठेवून उभा राहिला. गप्प बसल्याबद्दल त्याने किती पोरं बंदरावर उतरवली होती. तोंडावर खोटं तर त्यांच्यातलं कोणी बोललं नव्हतं. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली. पट्टी आत नेऊन फडताळात टाकली असती तर कोणाला कळलं नसतं. हा पोरगा कधीच कोणाला सांगणार नाही, याची त्याला खात्री होती. आठवडाभरात खात्रीने कळलेली ही पहिलीच गोष्ट.

“जुनेद, थांब!” त्याने हाक मारली. साबेराला आणि अलिझाला खळ्यात बोलावलं. पट्टी बाहेर काढली.

“ही माझ्याच खिशात होती. मी खोटा बोललो.”

साबेराने कपाळाला हात लावला. अलिझाने पट्टीकडे पाहिलं, मग बापाकडे. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

“अब्बा,” ती म्हणाली, “मंग आता तुमाला ठेवायचा, का बंदरावर उतरवायचा?”

“ता याला विचार,” युसुफ म्हणाला. “आता घरातलाच हाय तो.” आणि त्याने बारावी पट्टी जुनेदच्या हातावर ठेवली.