उदासीनतेचा अहवाल

सदुसष्टच्या लोकसभा निवडणुकीत पक्षाचे उमेदवार भाऊसाहेब पडले. सक्करदऱ्याच्या ज्या बूथवर ते नऊ मतांनी मागे राहिले, तो चंपतरावांच्या हवाली होता. निम्म्या लोकांनी मतदानच केलं नाही, त्याचं कारण संध्याकाळपर्यंत लिहून द्या, असा पक्षाचा निरोप आला. कारण पटलं नाही तर महानगरपालिकेचं तिकीट गेलं, हे चंपतराव समजून चुकले. मतदारयादी घेऊन ते ओसरीवर बसले.

"आपल्या गल्लीतल्याच बारा बाया आल्या नाहीत," ते करवादले. "देशाची म्हणून काही चाड नाही लोकाइले." मग बोट एका नावावर अडलं. "काहून वं, तूबी नाही गेली?"

त्यांच्या पत्नी गोपिकाबाई तिथंच तांदूळ निवडत होत्या. "कशी जाऊ? तुमीच म्हणलं, चाळीस कार्यकर्ते जेवाले येतीन, पुऱ्या गरम पाहिजेत. आमी बारा जणी दिवसभर कढईपाशीच होतो. उठाले गेलो, तं तुमी म्हणलं, आता चहा ठेवा."

"अन् जेवल्यावर मतदार आनाले कोन गेलं?"

"कोनीच नाही. मांडवात घोरून राहिले होते सारे."

चंपतरावांनी टाक दौतीत बुडवला. मग लिहिलं, 'मतदारांत, विशेषतः महिलांत, कमालीची उदासीनता आढळली. कार्यकर्त्यांच्या भोजनाची व्यवस्था मात्र चोख होती.' आणि वाचून दाखवलं.

"आलूच्या भाजीचं राह्यलं," गोपिकाबाई म्हणाल्या.

चंपतरावांनी तेही लिहिलं.