हळू बोलणारा वर्ग

पाठाच्या वहीत पहिल्याच दिवशी आमच्या अध्यापक विद्यालयातल्या जगदाळे सरांनी शेरा मारला, 'वर्गशिस्त उत्तम', आणि मी ती वही भोसरीपासून कासारवाडीपर्यंत बसमध्ये मांडीवर उघडी ठेवून आले. शेजारी कोणी बसलं तर त्याला दिसावी म्हणून. कोणी बसलं नाही.

अठ्ठ्याहत्तर साल, डी.एड.चं दुसरं वर्ष. आम्हा छात्राध्यापिकांना सरावासाठी भोसरीतल्या एका शाळेत धाडलं होतं. मला तिसरीचा वर्ग मिळाला. पत्र्याखाली बसकर पट्ट्यांवर बसलेली बेचाळीस मुलं. वर्गाच्या मूळ बाई माझ्या हाती खडू देऊन शिक्षकखोलीत स्वेटर विणायला गेल्या, त्या महिनाभर तिकडेच होत्या. शेजारच्या वर्गात माझी मैत्रीण यशोदा 'गप्प बसा, गप्प बसा' करून घसा फोडून घ्यायची. माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मला वाटलं, आपल्यात काहीतरी आहे.

चौथ्या दिवशी ते काहीतरी उतरलं. सर वर्गाच्या मागे खुर्ची टाकून बसले. मी जिल्ह्याचा नकाशा लावला आणि विचारलं, इंद्रायणी कुठे उगम पावते? पुढच्या ओळीतली सोजर उभी राहिली, उत्तर दिलं, खाली बसली. उत्तर बरोबर होतं, पण मला ते तिच्या ओठांवरून कळलं.

"काय म्हणाली?" सरांनी मागून विचारलं.

"लोणावळ्याजवळ म्हणाली, सर."

"तिला सांगू दे."

सोजर पुन्हा उभी राहिली आणि पुन्हा तेवढ्याच आवाजात सांगून बसली. त्या दिवशी शेरा आला, 'प्रतिसाद नाही'. दुसऱ्या दिवशी तोच. तिसऱ्या दिवशी तोच, खाली रेघ मारून.

"ओव्हाळ," सर मला व्हरांड्यात म्हणाले, "मुलं बोलत नाहीत म्हणजे शिकवणं पोचत नाही. तुमचाही आवाज बसल्यासारखा. परीक्षेच्या पाठाला बाहेरचे परीक्षक येणार, ते मागेच बसणार. त्यांना काही ऐकू आलं नाही तर मी काय करणार?"

मी काय करणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. आबांच्या कंपनीत कामगारांच्या मुलींना पॅकिंग खात्यात घेत होते. आबांनी अर्ज आणून भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीमागे खोचून ठेवला होता. "पास झालीस तर फाडून टाकू," म्हणाले होते. नापास झाले, तर जूनपासून मी पण पाळ्यांमध्ये फिरणार. आबांचं बावीस वर्षांचं फिरणं मी पाहतच वाढले होते. त्या माणसाला आज कोणता वार आहे हे विचारून घ्यावं लागायचं.

पण खरं सांगायचं तर मला नुसता कंटाळा आला होता. पाचला उठून पाणी भरायचं, दोन बस बदलायच्या, पाठांची टाचणं काढायची, चार्ट रंगवायचे आणि एवढं करून बेचाळीस जणांनी ओठ हलवून दाखवायचे. मला त्या मुलांचा राग यायला लागला. एवढी कसली भीड? मी काय खाते त्यांना?

सोमवारी मी सगळा वर्ग मैदानात नेला. अर्धी मुलं एका कुंपणाला, अर्धी दुसऱ्याला. इकडच्यांनी नदीचं नाव ओरडायचं, तिकडच्यांनी ती कोणाला मिळते ते ओरडायचं. पहिल्यांदा सगळी एकमेकांकडे बघत राहिली. मग मीच ओरडले, "पवनाऽऽ!" माझा आवाज चिरकला आणि मुलं खदाखदा हसली. त्यानंतर जी सुटली ती आवरेनात. सोजर अशी ओरडली की कुंपणापलीकडच्या वर्कशॉपमधला माणूस हात पुसत बाहेर येऊन बघून गेला. मी एक खूण ठरवली. बाईंनी हात वर केला की मैदानाचा आवाज काढायचा. वर्गात येऊन हात वर केला, तर पत्रा थरारला. यशोदा धावत बघायला आली. त्या दिवशी घरी जाताना माझे पाय दुखले नाहीत.

बुधवारी सकाळी फाटकाशी एक बाई उभी होती. डोक्यावर पदर, हातात सोजरचा हात.

"तुमीच का नव्या बाई? मी हिची माय, भिमाबाई. बाई, रागावू नका, पर लेकराला वरडायला शिकवू नका."

मी म्हटलं, "अहो, उत्तरं मोठ्यानं द्यायला नकोत का?"

"द्यावीत की. पर आमच्या ओळीत धा खोल्या हायेत. त्यातली सात माणसं ह्या हप्त्यात रातपाळीला हायेत. सकाळी येऊन झोपतेत. काल ही साळंतून आली अन् भैनीसंगं मुळा मुठा मुळा मुठा वरडायली. हिचे वडील दचकून उठले. मग डोळ्याला डोळा न्हाई. तसेच रात्री कामावर गेले. पंचिंगच्या मशीनवर हायेत. तिथं डुलकी लागली तर..." तिनं उजव्या हाताची दोन बोटं तेवढी मुडपून दाखवली.

"तिला मारलं का?"

"न्हाई ओ. ते मारत न्हाईत. भिताडाला टेकून बसले निस्ते."

सोजर खाली बघत होती. मी तिला म्हटलं, "चूक तुझी नाही गं, माझी आहे." भिमाबाई गेल्यावर मी फाटकाशीच उभी राहिले. मला लाज वाटली, आणि ती भिमाबाईची नव्हती, माझीच. कारण हे सगळं मला कोणी येऊन सांगायची गरजच नव्हती. आबा रातपाळीला असले की आमच्या घरात पंपाचा स्टो पेटत नसे, तो फुरफुरतो म्हणून. आई वातीच्या स्टोवर तासभर भात शिजवायची. भांडी बाहेर नेऊन राखेनं घासायची, तीही एक एक उचलून. रेडिओवर टॉवेल. आम्ही भावंडं भांडायचो तेसुद्धा खुणांनी. माझा आवाज बसलेला नव्हता, तो कधी उठलाच नव्हता. आणि मीच वर्गात उभी राहून म्हणत होते, एवढी कसली भीड!

मी मुलांना सांगून टाकलं, "मैदानाचा आवाज आता बंद. नेहमीसारखं बोला." बेचाळीस माना हलल्या. मला वाटलं, सुटल्यासारख्याच हलल्या.

शनिवारी परीक्षेचा पाठ. परीक्षक जुन्नरच्या बाजूने एसटीने आले होते, पन्नाशीचे, अंगाने भारी. माझा पाठ सातवा. साडेअकराची वेळ, मार्च महिना, वर पत्रा तापलेला. ते मागे खुर्चीवर बसले, रुमालाने मान पुसली. पहिल्या उत्तराला म्हणाले, "जरा मोठ्याने." दुसऱ्या उत्तराला काही म्हणाले नाहीत. मी फळ्याकडे वळून भीमा नदी काढली आणि परत वळले, तर त्यांची हनुवटी छातीला टेकलेली. गुणांचा कागद मांडीवर, पेन खाली घरंगळलेलं.

माझ्या आधी वर्गाला ते कळलं होतं. सोजर चवड्यांवर चालत गेली आणि त्यांच्या तोंडावर येणारं ऊन अडवायला खिडकीचं दार हळूच लोटून आली. एकानं नकाशाचा फडफडणारा कोपरा धरून ठेवला. मागच्या ओळीतल्या भैरूनं पेन उचलून त्यांच्या कागदावर ठेवलं, आवाज न करता. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, की चालू द्या बाई.

दारात जगदाळे सर होते. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. ते मला हात वर करून दाखवत होते, उठवा, आवाज करा. मैदानाची खूण त्यांना माहीत नव्हती, पण नेमकी तीच खूण ते करत होते. मी नुसता हात वर केला असता तर पत्रा उडाला असता आणि परीक्षकांना प्रतिसाद म्हणजे काय ते कळलं असतं. पॅकिंगचा अर्ज माझ्या डोळ्यांसमोर होता. हात काही वर गेला नाही. त्यात माझा मोठेपणा काही नाही. झोपलेल्या माणसाला उठवायचं कसं, हे आमच्या घरात कोणाला येतच नव्हतं.

मी कुजबुजत पाठ पुरा केला. मुलांनी कुजबुजत उत्तरं दिली, एकही चुकलं नाही. भीमा, भामा, इंद्रायणी, सगळ्या नद्या जिथल्या तिथे मिळाल्या. आयुष्यात एवढा चांगला पाठ मी नंतरही कधी घेतला नाही, आणि तो कोणी पाहिला नाही.

शिपायाने घंटा दिली. परीक्षक दचकून उठले. त्यांनी वर्गाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. एकही मूल हसलं नाही. सोजर माठातल्या पाण्याचा पेला घेऊन त्यांच्यापुढे उभी होती, घरी उभी राहत असेल तशीच. ते पाणी प्यायले आणि त्यांनी पेला परत दिला.

"संपला पाठ?"

"हो, साहेब."

"बरं," म्हणाले आणि पेनचं टोपण शोधत बाहेर गेले.

निकाल मे महिन्यात लागला. मी पास होते, काठावर. जगदाळे सरांनी मला गुणांचा कागद दाखवला. प्रतिसादापुढे परीक्षकांनी लिहिलं होतं, 'समाधानकारक'. ते माझ्या पाठाचे गुण की त्यांच्या झोपेचे, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

दुपारी दोनला घरी पोचले. आबांची रातपाळीच चालू होती, ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले होते. आईने दारातच ओठांवर बोट ठेवलं आणि भुवया उडवून विचारलं, काय? मी मान हलवली. आईने पदर तोंडात धरला आणि रडली, तीही आवाज न करता. मी आबांच्या उशाशी जाऊन बसले. चारला उठतील तेव्हा सांगू म्हटलं.

"किती येळ बसशील?" आबा भिंतीकडेच बघत म्हणाले. "पास झालीस न्हवं?"

"आबा, तुमी जागं हाय?"

"मला कुठं दिवसा झोप लागती." ते कुशीवर वळले. "पयल्यापासनंच न्हाई. लागली तर घंटाभर."

 आईच्या हातातली पळी तशीच राहिली. मी विचारलं, "मग कधी बोलला का न्हाई?"

"काय बोलायचं? तुझी आय त्या वातीच्या स्टोवर तास तास भात शिजवती, तुमी पोरं मांजरावानी चालता. येवढं करता माझ्यापायी. मंग मी बी आपला डोळं मिटून पडून ऱ्हायचो."

बावीस वर्षं. मला हसावं की रडावं ते कळेना.  आईने स्टूल ओढलं, माळ्यावरून पंपाचा स्टो काढला, धूळ पुसली, पिन मारली, चहाचं आधण ठेवलं. स्टो एवढा फुरफुरत पेटला की तसबिरीमागचा अर्ज काढता काढता आबांना मला ओरडून विचारावं लागलं, "मार्क किती पडलं, म्हंतो मी?"