डबी कोणी भरली?

भाग्यश्रीचं लग्न झालं ते साल १९९६. लग्नाच्या दीड महिना आधी तिच्या वडिलांच्या मळ्यातून पोलिसांनी नवसाबाईला उचलून नेलं.

मळा नाशिकजवळच्या मखमलाबादचा, फ्लॉवर-टोमॅटोचा. पेठच्या डोंगरातून मजूर बाया तान्ही पोरं घेऊन कामाला यायच्या. पोर रडलं की आई वाफा सोडून धावायची, आणि ते मळ्याच्या मालकाला, भाग्यश्रीच्या बापाला, वाळूशेठला खपत नसे. म्हणून म्हातारी नवसाबाई आंब्याखाली पोरं सांभाळी. मोहरीएवढी अफू बोटावर घेऊन चाटवी. पोरं दिवसभर गपगार. डबी भरून देणारा स्वतः वाळूशेठ. त्याची बायको गोजराबाई, हिला हे ठाऊक होतं. ‘पोरं कशी शहाणी आहेत’ असं कौतुकही तीच करायची.

एक दिवस चांगुणाचं पोर उठेचना. दवाखान्यात ते वाचलं, पण डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं. डबी नवसाबाईच्या कनवटीला सापडली.

“लग्न तोंडावर हाय,” वाळूशेठ जेवता जेवता बायकोला म्हणाला. “पोरीचा बाप अफूवाला, असं व्याह्यांच्या कानावर घालू का? म्हातारीला मी सोडवतो. तू गप राहा.”

ती गप राहिली. लग्न थाटात झालं. सोडवायला कोणी गेलं नाही, आणि या गुन्ह्यात जामीन सहसा मिळत नाही.

दोन वर्षांनी खटला उभा राहिला, तेव्हा कोर्टाने नवसाबाईला दिलेल्या वकील मोहिनीताई साक्षीदार शोधत मळ्यावर आल्या. त्यांनी समजावून सांगितलं, की जगातल्या देशांनी मिळून करार केले, नशेचा व्यापार मोडायचा म्हणून. त्यावरून आपल्याकडे कडक कायदा झाला. विकणारा असो की चाटवणारी म्हातारी, शिक्षा कमीत कमी दहा वर्षं. जज्जाला दया आली तरी हात बांधलेले.

“आन् डबी भरणाऱ्याला?” गोजराबाईने विचारलं.

“त्याचं नाव कोणी घेईल तर ना. म्हातारी म्हणते, शेठ सोडवणार हाय.”

गोजराबाईच्या अंगाची आग झाली. ती तुरुंगात भेटायला गेली. नवसाबाईने स्वतःचं काही विचारलं नाही. “बाय, पोरां आता कोन बघतं? लय रडत असतील.”

गोजराबाई कोर्टात उभी राहिली. डबी आमच्या घरची, असं तिने नवऱ्यादेखत सांगितलं. वाळूशेठ हसला, बाईचं डोकं फिरलंय म्हणाला. दोन वर्षं गप बसलेल्या बाईवर कोण विश्वास ठेवणार? पुराव्याअभावी तो मोकळा राहिला आणि कोर्टाबाहेर येऊन त्याने पान खाल्लं. डबी जिच्या अंगावर सापडली, तिला दहा वर्षं!

घरी येऊन गोजराबाईने आंब्याला झोळ्या बांधल्या. चांगुणाला पूर्ण मजुरीवर पोरं सांभाळायला बसवलं. वाळूशेठ ओरडला, तेव्हा तिने एवढंच विचारलं, “आपल्या भाग्यश्रीला चाटवली होती का?”

२००१ साली कायदा बदलला. थोड्या मालाला थोडी शिक्षा, असं ठरलं. पण ज्यांचा निकाल आधीच लागला होता, त्यांना त्याचा उपयोग नव्हता.

बंधूंनो, भगिनींनो, तान्ह्या पोराचं रडणं अफूने बंद करणारा समाज आधी स्वतः गुंगीत असतो. नशेला शिक्षा हवीच. पण डबी कोणाकडे सापडली एवढ्यावर थांबू नका, ती कोणी भरली ते विचारा. आणि तुम्हाला ठाऊक असेल, तर वेळेवर बोला.

नवसाबाई जानेवारी २००२ मध्ये, शिक्षा भोगत असताना, तुरुंगात वारल्या.