बेटावरचं बिऱ्हाड

मित्रांनो, मी एक ताडपत्री आहे. जुनी आहे, ठिगळांची आहे, आणि माझ्या एका कोपऱ्यावर रेल्वेने ‘बाद’ असा शिक्का मारलेला आहे. तरीही माझी कहाणी मी मान खाली घालून सांगणार नाही.

माझा जन्म एका गिरणीत झाला. जाड सूत विणून, त्यावर मेण आणि डांबर चढवून मला तयार केले. कडांना पितळी कड्या ठोकल्या. मग मी दौंडच्या यार्डात आले आणि मालगाडीच्या उघड्या डब्यांवर पसरू लागले. माझ्याखालून साखर गेली, सरकी गेली. बहात्तरच्या दुष्काळात तर महिनोन् महिने मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीची, पोती गेली. तेव्हा यार्डातले खलाशी, म्हणजे डब्यांवर राबणारे कामगार, माझ्या दोऱ्या दोनदा ओढून बघत. एक दाणा भिजला तर एक घास गेला, असे ते म्हणत. मला तेव्हा फार अभिमान वाटे.

पण इंजिनाच्या ठिणग्यांनी माझ्या अंगाला भोके पडली. एके दिवशी साहेबाने मला उलटसुलट पाहिले आणि शिक्का मारला. लिलावात मला मच्छिंद्र नावाच्या खलाशाने घेतले. त्याने दाभण घेऊन एकेक भोक शिवले, वर डांबर फासले आणि मला क्वार्टरच्या मागे घडी करून ठेवले. वर्षभर मी तिथे पडून होते. कोंबड्या माझ्यावर झोपत. कुणी मला विचारत नव्हते.

मग चौऱ्याहत्तरचा वैशाख आला.

मच्छिंद्रची थोरली बहीण ताईबाई शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या एका गावात राहायची. गावाचे नाव मी सांगत नाही, तिथे मला अजून राहायचे आहे. तिचा नवरा ज्ञानदेव चार वर्षांपूर्वी वारला होता. धम्मदीक्षा घेतली त्या सालीच ज्ञानदेवने गावातली मेलेली जनावरे ओढायचे काम सोडले होते. त्यापायी त्याने मार खाल्ला, मजुरी गमावली, पण पुन्हा दोरीला हात लावला नाही. त्याच्यामागे ताईबाईने खुरपणी करून एकुलत्या एका मुलीला, अंजनाला, सातवीपर्यंत शिकवले. अंजनाचे लग्न दौंडच्या लोको शेडमधल्या पोपटशी ठरले. वऱ्हाड चाळीस माणसांचे होते. ते आदल्या दिवशी यायचे, लग्नानंतरचा मुक्काम करून तिसऱ्या दिवशी निघायचे. ताईबाईचे घर एका खणाचे. वऱ्हाडाच्या मुक्कामाला गुरुजींनी शाळा कबूल केली होती. सुट्टीत शाळेची किल्ली मात्र सरपंच हौसराव यांच्याकडे असायची.

लग्नाला तीन दिवस उरले आणि हौसरावांचा बैल मेला.

हौसराव स्वतः ताईबाईच्या दारात आले. आत आले नाहीत, बाहेर उभे राहून बोलले.

“बैल पडलाय माझा. तुझ्या भावकीतली चार पोरं लाव. वढून टाका आन् शाळेची किल्ली घेऊन जा.”

“आण्णा, आमी त्ये काम सोडून लई वर्सं झाली,” ताईबाई म्हणाली.

“मला म्हाईत हाय. पण लग्न तुझ्या घरात हाय, माझ्या न्हाई.”

“बैल तुमचा हाय. तुमीच उचला.”

हौसराव हसले. “मग वऱ्हाड कुठं उतरवतीस ते बघतोच,” असे म्हणून ते गेले. त्याच दिवशी त्यांनी गावात निरोप फिरवला. कुणीही आपला गोठा, खळे, ओसरी द्यायची नाही. लोकांनी ताईबाईला नाही म्हटले नाही, पण तिला पाहिले की ते दुसरीकडे बघू लागले.

संध्याकाळी ताईबाई चुलीपुढे बसून राहिली. भाकरी तव्यावर करपली तरी तिला कळले नाही. अंजनाने ती उलटली आणि म्हणाली, “आई, आपलं बेट हाय की.”

घोड नदी गावाखाली दोन धारांनी वाहते. मधे चार एकराचे बेट आहे. दगड, वाळू, बाभळी आणि एक मोठा करंज. तिथे काही पिकत नाही म्हणूनच कधीकाळी ते ज्ञानदेवच्या पूर्वजांना वतनात मिळाले होते. वतने गेली तेव्हा ज्ञानदेवने शिरूरच्या कचेरीत हेलपाटे घालून ते आपल्या नावावर करून घेतले. लोक त्याला हसले होते.

“त्या काट्यात पाव्हणं ठेवायचं?” ताईबाई म्हणाली.

“सातबारा आपला हाय. तिथं कुणाची किल्ली लागत न्हाई.”

सकाळी एसटीच्या ड्रायव्हरकडे मच्छिंद्रसाठी चिठ्ठी गेली, आणि दुपारच्या गाडीच्या टपावर बसून मी आले. माझ्याबरोबर मच्छिंद्र होता. त्याचा चेहरा मात्र उतरलेला होता.

“आक्का, चांगुणाबाई क्वार्टरमधी राहत्यात,” तो म्हणाला. चांगुणाबाई म्हणजे पोपटची आई. “नळ हाय, लाईट हाय, खाली फरशी हाय. नदीत उतरवलं आन् त्या माघारी फिरल्या तर? मी न्हावऱ्याहून चार माणसं आणतो. बैल गपचूप हलवू. कुणाला कळणार बी न्हाई.”

“आज हलवला की फुडल्या वैशाखात बी हलवावा लागंल,” ताईबाई म्हणाली. “ती ताडपत्री उचल.”

त्या दिवशी वस्तीतली सगळी माणसे बेटावर राबली. पुरुषांनी बाभळीचे खांब रोवले. मला करंजाच्या एका फांदीपासून पलीकडच्या खांबापर्यंत ताणले. आगगाडीवर मी कधी माणसे झाकली नव्हती. दोऱ्या ताणल्या गेल्या तशी माझी सगळी ठिगळे कुरकुरली, पण मी सुटले नाही. बायकांनी काटे वेचले आणि खाली वाळू चाळून पसरली.

शेजारची कस्तुराबाई या सगळ्यांची मुकादम होती. ती इनामगावला जुन्या काळच्या वस्तीच्या खोदकामावर तीन हंगाम मजुरीला गेली होती, त्यामुळे जमीन कशी नीट करायची ते तिला पाठ होते. बायकांची झोपायची जागा तिने करंजाच्या सावलीत धरली, पुरुषांची पश्चिमेला. वाळूत हातभर खड्डे करून झिरपणारे पाणी प्यायला ठेवले. अंघोळीला उथळ धार नेमून दिली. जिथे डोह होता, तिथे काठीला तांबडी चिंधी बांधली आणि म्हणाली, “पाव्हण्यांना सांगा, चिंधीच्या पल्याड जायचं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी दुपारी वऱ्हाड आले. न्हावऱ्यापर्यंत एसटीने, पुढे दोन बैलगाड्यांनी. काठावर गाड्या थांबल्या आणि सगळ्यांना गुडघाभर पाण्यातून यावे लागले. चांगुणाबाई सर्वांत पुढे होत्या. इस्त्रीचे पातळ एका हाताने वर धरलेले, दुसऱ्या हातात चपला. बेटावर पहिलेच पाऊल टाकले आणि त्यांच्या टाचेत काटा गेला.

“इथं?” त्या एवढेच म्हणाल्या.

ताईबाईने खाली बसून त्यांच्या टाचेतला काटा काढला. “शाळा मिळाली न्हाई, विहीणबाई. पण पाणी गार हाय, सावली हाय.”

चांगुणाबाई माझ्याखाली ट्रंकेवर बसल्या. वर बघून त्यांनी माझी ठिगळे मोजल्यासारखी पाहिली. मित्रांनो, त्या नजरेने मला साहेबाच्या शिक्क्यापेक्षा जास्त लागले. वऱ्हाडातले दोघे-तिघे कुजबुजत होते, की संध्याकाळची एसटी अजून मिळेल.

ऊन कलले तेव्हा धोतर वर खोचून हौसराव नदी ओलांडून आले. त्यांच्या हातात किल्ली होती. बैल मरून तिसरा दिवस होता, आणि वाऱ्याबरोबर वास त्यांच्या ओसरीत शिरत होता. ते ताईबाईकडे वळलेच नाहीत. थेट चांगुणाबाईंना म्हणाले, “पाव्हणीबाई, तुमी दौंडची माणसं. असं उघड्यावर राहणं गावाला शोभत न्हाई. शाळेत चला. फरशी हाय. हंडे भरून ठेवायला सांगतो.”

वऱ्हाडातली काही माणसे उठली. कुणी वळकटी उचलली, कुणी मुलांना हाका मारल्या. चांगुणाबाईंनी ताईबाईकडे पाहिले.

“तुमी तर म्हणला, शाळा मिळत न्हाई.”

ताईबाईने पाहुण्यांना कारण सांगितले नव्हते. लेकीच्या लग्नात तक्रार कशाला, असे तिला वाटले होते. आता तिने पदर खोचला आणि सगळे सांगितले. बैल, चार पोरे, किल्ली. आवाज न चढवता, एका दमात. शेवटी म्हणाली, “तुमाला शाळेत जायचं असंल तर जावा. मी अडवणार न्हाई. पण माझ्या वस्तीतला माणूस त्या बैलाला हात लावणार न्हाई. लग्न मोडलं तरी न्हाई.”

अंजना करंजाच्या बुंध्याशी उभी होती. ती आईशेजारी येऊन उभी राहिली. मच्छिंद्रने डोळे मिटून घेतले.

चांगुणाबाई हौसरावांना म्हणाल्या, “मग बैलाचं काय ठरलं?”

“त्ये सकाळी बघू. तुमच्यातली चार पोरं द्या. तासाभराचं काम.”

“आमचं मालक,” चांगुणाबाई सावकाश म्हणाल्या, “ह्याच कामापायी गाव सोडून दौंडला आलं. जन्मभर इंजिनात कोळसा मारला. छाती काळी झाली, पण माघारी गावात दोरी धरायला गेलं न्हाई. आन् आज त्यांच्या पोराच्या वऱ्हाडाचं अंथरूण मी तुमच्या बैलावर घालू?”

हौसराव काही बोलणार होते. चांगुणाबाईंनी वळकटी सोडली आणि माझ्याखाली, अगदी मधोमध, आपली सतरंजी झटकून पसरली. मग त्यावर मांडी घालून बसल्या.

“आमचं बिऱ्हाड हितं पडलंय. किल्ली घेऊन जावा.”

उठलेली माणसे एकेक करून खाली बसली. हौसराव नदीत उतरले. परत जाताना त्यांनी किल्ली कमरेला खोचली, ती दोनदा निसटली.

सकाळी दहाला लग्न लागले. बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर करंजाच्या खोडाला टेकवली होती. पांढरे लुगडे नेसलेली अंजना आणि पोपट समोर बसले. त्रिशरण झाले, पंचशील सुरू झाले. पंचशीलाच्या मध्येच वावटळ उठली. नदीपात्रातली वाळू उडाली, मी फुगले आणि माझा एक कोपरा कडीसकट फाटला. मला वाटले, आता मी गेले. पण चाळीसच्या चाळीस पाहुणे उठले आणि त्यांनी माझ्या कडा धरल्या. कुणी तोंडाने पंचशील म्हणत होते, कुणी दोरीला लोंबकळत होते. वावटळ गेली. कुणी मांडव सोडला नव्हता.

दुपारी माझ्या सावलीत बसून चांगुणाबाईंनी तो कोपरा शिवला. टाके बारीक होते, मच्छिंद्रपेक्षा कितीतरी बारीक.

ऊन उतरल्यावर कस्तुराबाईने पाहुण्यांना बेट दाखवले. टिटवीची अंडी दगडांत कशी ओळखू येत नाहीत, खेकडे कुठल्या कपारीत असतात, नदीपात्रातल्या वाळूतले टरबूज पिकले हे टिचकी मारून कसे कळते. बेटाच्या टोकाला तिने मातीत हात घातला आणि तांबड्या खापराचा एक तुकडा काढला. त्यावर काळ्या रंगात हरणे काढली होती.

“खोदकामावरचं साहेब सांगत हुते, तीन हजार वर्सांमागं मानसं ह्याच नदीला राहत हुती,” ती म्हणाली. “तवा किल्ली कुणापाशी हुती, ते काय घावलं न्हाई.”

चांगुणाबाई मोठ्याने हसल्या. एका रात्रीचा मुक्काम उरला होता, त्यांनी आणखी एक दिवस वाढवला.

बैल शेवटी हौसरावांच्या मुलांनीच ओढला. सगळ्या गावाने ते पाहिले.

त्यानंतर वस्तीतली सगळी लग्ने बेटावर झाली, आणि मी ताईबाईकडेच राहिले. मधल्या वर्षांत लग्ने कमी झाली. एकदा मला ओलीच घडी करून कोपऱ्यात टाकले. मी कुजले, उंदरांनी एक बाजू खाल्ली. रडू आले मला तेव्हा.

अठ्ठ्याहत्तर साली अवकाळी आभाळ भरून आले. हौसरावांचा कांदा खळ्यात उघडा पडला होता. त्यांचा गडी धावत आला.

“मालकांनी ताडपत्री मागितलीय.”

ताईबाई दळत होती. जाते न थांबवता म्हणाली, “दिली म्हून सांग. कायबी नको मला. फक्त मालकांनी सोता येऊन न्यावी. दारातनं न्हाई, घरात येऊन.”

गडी गेला. ताईबाईने मला बाहेर काढून, झटकून, घरात उंबऱ्याजवळ ठेवले. आम्ही दोघी वाट पाहत होतो. खोटे कशाला बोलू, मला त्या कांद्याची दया येत होती. झाकणे हाच माझा धर्म. पाऊस आला. हौसराव आले नाहीत.

तर मित्रांनो, घरात माझ्यासारखे कुणी असेल, तर त्याला घडी करण्यापूर्वी उन्हात पूर्ण वाळू द्या. भोक पडले तर दाभण घ्या, फेकू नका. आणि लागले तर मला न्यायला या. मी कुणालाही झाकीन. ताईबाई नाही म्हणत नाहीत. फक्त आत या, आणि त्यांच्या हातचे पाणी पिऊन मला घेऊन जा.