भावजींची दुसरी नळी

मेहुणीने सुई टोचायची आणि भावजींनी तोंड चालवायचं, हा त्या दोघांचा जुना रिवाज. भावजी लिफ्ट मेकॅनिक. मधुमेह बारा वर्षांचा, पण तीन महिन्यांची सरासरी साखर कायम सातच्या आत. त्याचा तोरा एवढा, की रिपोर्टची घडी शर्टाच्या खिशात घालूनच हिंडायचे.

मेहुणी बावीस वर्षं रुग्णालयाच्या लॅबमध्ये होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नवा अभ्यास हाती घेतला होता. मधुमेह आहे पण छातीची काही तक्रार नाही, अशा पन्नाशीपुढच्या माणसांचं रक्त तपासायचं. हृदयावर ताण पडला की ते एक विशिष्ट प्रथिन रक्तात सोडतं. ते किती आहे यावरून पुढचा धोका आधीच हेरता येतो.

"माझंही घे," भावजी बाही वर करत म्हणाले. "तुमच्या अभ्यासात एक तरी ठणठणीत माणूस असू दे."

दुपारी यंत्राने आकडा दिला, चारशे बारा. एकशे पंचवीसच्या आत हवा होता. मेहुणीने आधी यंत्राची परीक्षा घेतली. ठरावीक आकड्याचा नमुना लावला, तो बरोबर आला. मग भावजींची नळी पुन्हा लावली. चारशे नऊ. ती कागद घेऊन थेट डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"ईसीजी तर स्वच्छ आहे यांचा. नळ्यांची अदलाबदल?"

"नाही झालेली. नाव मी माणसासमोरच चिकटवते."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. "मग बोलवा त्यांना."

भावजी आले ते हसतच. आकडा ऐकल्यावर हसू मावळलं आणि आवाज चढला. "अगं, काल आठ मजले जिना चढलो मी, हातात अवजारांची पेटी घेऊन. दुसऱ्या कुणाचं तरी रक्त माझ्या नावावर खपवलंस तू."

"भावजी, नाकाने कांदे सोलणं पुरे. बसा, परत घेते. नाव तुमच्याच अक्षरात लिहा."

त्यांनी लिहिलं, ठळक, वर दोनदा गिरवून. यंत्राशेजारी हाताची घडी घालून उभेही राहिले. अठरा मिनिटांनी आकडा आला, चारशे सहा. भावजींनी हाताची घडी सोडली.

"म्हणजे गेलो का मी?"

"गेला असतात तर भांडायला कोण आलं असतं? त्रास सुरू व्हायच्या आधी सापडलंय, भावजी. म्हणून तर शोधत होतो."

तिच्या आवाजात कुठे कंप नव्हता, आणि त्या आवाजावरच ते सोनोग्राफीच्या खोलीपर्यंत चालत गेले. हृदयाची भिंत जाड झाली होती. ठोक्यानंतर ती नीट सैल पडत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी साखरेची एक गोळी बदलून हृदयालाही जपणारी दिली, रक्तदाबाची वाढवली, मीठ कमी करायला सांगितलं. "काम करा," त्या म्हणाल्या, "फक्त पेटी दुसऱ्याला उचलू द्या."

पेटीवरून भावजी आठवडाभर कुरकुरले. मग सवय झाली. आठ महिन्यांनी आकडा दोनशे तीसवर आला. भावजींनी खिशातली घडी बदलली आणि कामावरच्या दोन मधुमेही सोबत्यांना कान धरून लॅबमध्ये आणलं. त्यातल्या एकाचा आकडा अवघा चाळीस निघाला, तेव्हा तो खूश झाला आणि भावजींचा चेहरा पडला.

त्याच सकाळी त्यांच्यामागून मेहुणीची थोरली बहीण आत आली. पर्स मांडीवर ठेवून ती खुर्चीत बसली.

"ताई, तू कशाला आलीस? भावजी सांगतील की आकडा."

"माझ्यासाठी आलेय. चार वर्षं झाली मलाही साखर आहे. यांच्या गोळ्या, यांचं मीठ, यांचा आकडा. मला विचारलंय का कुणी?"

मेहुणी वरमली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. अभ्यासासाठी तिने शंभरावर माणसं गोळा केली होती आणि सख्खी बहीण राहून गेली होती. भावजी भिंतीवरचा तक्ता वाचू लागले.

"चुकलंच माझं," ती म्हणाली आणि पट्टा बांधला. शीर पहिल्याच प्रयत्नात बोटाखाली लागली.

पासष्ट. ताईने आकडा दोनदा विचारून घेतला, समाधानाने मान हलवली आणि पुढच्या वर्षीची तारीख तिथल्या तिथे वहीत लिहायला लावली.