इंजिनावरचा नारळ

नारळ मीच वाढवला. राकेश जेवायला घरी गेला होता, गॅरेजात दुसरं कोणी नव्हतं, आणि साखळीला टांगलेलं इंजिन माझ्यासमोर होतं.

माझा छोटा टेम्पो सेकंडहँड घेतलेला. त्यातून मी रोज मखमलाबादची मेथी-कोथिंबीर पंचवटीच्या बाजारात नेतो. त्याचं इंजिन जाम झालं तेव्हा राकेशनं दुसरं शोधून आणलं, अपघात झालेल्या गाडीचं. "इंजिन चांगलं आहे, जबाबदारी माझी," म्हणाला. पण अपघाताचं म्हटल्यावर माझ्या मनात पाल चुकचुकली. त्या गाडीत कोण गेलं असेल, कसं गेलं असेल? मी म्हटलं, बसवण्याआधी पूजा करू.

"पूजा गाडी चालू झाल्यावर करा, यादवभाऊ. आत्ता सगळे कपलर उघडे आहेत. पाण्याचा थेंबसुद्धा नको."

कपलर म्हणजे वायरी एकमेकींत अडकवायची प्लास्टिकची टोकं. त्यानं साधी कामाची गोष्ट सांगितली होती. मी मात्र भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, ह्यांच्यात मानत नाहीत, म्हणून नको म्हणतोय. हा माणूस अकरा वर्षं माझ्या गाड्या सांभाळतोय. एकदा घोटीजवळ बंद पडलो, तर मेव्हण्याच्या हळदीतून उठून आला होता. तेव्हा तो कोणाच्यातला आहे हे मला आठवलं नव्हतं. आता बरं आठवलं.

तो जेवायला गेल्यावर मी, इंजिन ज्या लोखंडी घोडीला टांगलं होतं, तिच्यावर नारळ आपटला. वाटीत राहिलेलं पाणी भक्तिभावानं इंजिनावर ओतलं. हळदकुंकू वाहिलं आणि राकेशला दिसू नये म्हणून लगेच गमछ्यानं पुसूनही टाकलं. देवासाठी केलेलं असं लपवावं लागलं, तिथंच मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी इंजिन बसलं. राकेशनं सेल्फ मारला. इंजिन गरागरा फिरलं, पण पकडेना. पुन्हा मारला, पुन्हा तेच. त्यानं पेट्रोल येतंय का पाहिलं, येत होतं. प्लग काढून बॉडीला टेकवला, तर ठिणगी नाही. कॉइल बदलली, अर्थिंग घासलं, फ्यूज एकेक करून तपासले, नवा सेन्सर आणून लावला. दोन दिवस तो गाडीखालून निघाला नाही. मी शेजारी स्टुलावर बसून सुस्कारे सोडत होतो. नारळाची आठवण मला झाली नाही असं नाही. झाली, आणि मी ती दाबली. देवाच्या पाण्यानं कुठं काही होतं का, असं स्वतःला समजावलं.

वर चोराच्या उलट्या बोंबा! भाड्याच्या गाडीतून माल टाकायला बाजारात गेलो, तेव्हा चहाच्या टपरीवर धोंडीरामनं विचारलं, "तुझा टेम्पो का रं नाय आला?" मी म्हणालो, "अपघाताचं इंजिन बसवलंय. राकेशनं पूजाच करू दिली नाही. त्यांच्यात मानत नाहीत ना." एवढंच बोललो. पण धोंडीराम आणि चंदर, दोघांच्याही गाड्या राकेशकडेच असायच्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्याच संध्याकाळी त्यांनी आपापल्या गाड्या गॅरेजातून उचलल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी राकेशनं मला हाक मारली. इंजिनाच्या मागून मुंग्यांची रांग चालली होती आणि टेप गुंडाळलेल्या एका कपलरमध्ये शिरत होती. त्यानं टेप सोडली. आतल्या पिना हिरव्या पडलेल्या, चिकट. कडेला बोटाच्या पेराएवढी खोबऱ्याची कपची अडकलेली. ती त्यानं टोचणीनं काढून तळहातावर घेतली आणि बराच वेळ पाहिली. माझे कान तापले. त्यानं तो कपलर काढून बाजूला ठेवला, नवा टाकला आणि सेल्फ मारला. पहिल्याच झटक्यात इंजिन चालू झालं.

"राकेश, नारळ मी..."

"ते मला मुंग्यांनी सांगितलं, भाऊ." तो हात पुसत होता. "इंजिनाचं काही नाही. पण धोंडीरामभाऊ गाडी न्यायला आले तेव्हा काय बोलले माहीत आहे? म्हणाले, तुमच्या हाताला यश नाही. माझ्या हाताला! अकरा वर्षं तुम्ही हे हात बघताय ना?"

"चुकलो रे. पाया पडतो."

"माझ्या नका पडू. जिथं बोललात तिथं जाऊन सांगा."

काढलेला जुना कपलर खिशात घातला आणि मी तसाच निघालो. टेम्पो वाऱ्यासारखा पळत होता आणि मला रडू येत होतं. टपरीवर धोंडीराम, चंदर, आणखी चार-पाच जण होते. मी बसलोसुद्धा नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं: त्यानं नको म्हटलेलं, मी चोरून नारळ वाढवलेला, पाणी कपलरमध्ये गेलेलं, मुंग्या. "राकेशची काही चूक नाही. माझं पाप त्याच्या माथी मारलं मी."

धोंडीराम हसला.

"येडा का खुळा? देवाच्या नारळानं कधी इंजिन बंद पडतं का? उलट तू नारळ वाढवला म्हणून तर ते चालू झालं."

"अरे, मी डोळ्यांनी पाहिलं! पिना हिरव्या..."

"त्यानं दाखवलं आन् तू पाहिलं," चंदर म्हणाला.

मी ओरडलो, शपथ घेतली, खिशातून जुना कपलर काढून बाकावर आपटला. धोंडीरामनं तो उचललाही नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून बाकीच्यांना म्हणाला, "यादव लय भला माणूस हाय. दुसऱ्याचं पाप बी अंगावर घेतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. चंदरनं माझ्यासाठी चहा मागवला. राकेशकडे गाडी परत लावतो, असं मात्र एकानंही म्हटलं नाही.