पिंपळगावात घुमलेला अॅम्प्लिफायर

ऐकू येतंय ना शेवटच्या रांगेपर्यंत? मग सांगतो. मी कुसाबाईंच्या गायन पार्टीचा अॅम्प्लिफायर.

छातीवर नामांकित जपानी कंपनीची पट्टी घेऊन मी चौऱ्याऐंशी साली नाशकात आलो. ते नाव माझ्या थोरल्या भावंडांनी कमावलेलं. ती वजनदार, दणकट. माझ्या वेळेपर्यंत कंपन्यांत स्वस्ताईची चढाओढ लागली होती. माझा एकेक भाग वेगळ्या देशात बनला आणि जोडणी भलतीकडेच झाली. मी कुठला, हे मलाच सांगता येत नव्हतं.

कुसाबाई शाळेत शिकवायच्या आणि गावोगाव भीमगीतं गायच्या. लासलगावच्या जयंतीला त्यांनी मला पहिल्यांदा मंचावर ठेवलं. दुसऱ्याच गाण्याला व्होल्टेज उसळलं आणि माझ्यातून धूर निघाला.

"फॉरेनचा माल म्हणं! बसला की!" कुणीतरी ओरडलं. माणसं हसली, उठू लागली. कुसाबाई उघड्या गळ्यानं गात राहिल्या, आवाज फाटेपर्यंत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कुसाबाईंनी मला सातपूरला यशोदाबाईंकडे नेलं; त्या ट्रान्सफॉर्मरच्या तारा गुंडाळायच्या. त्यांनी मला उघडलं.

"ताई, यात तांबं बारीक, लोखंड कमी. आपल्याकडची वीज कशी नाचते, हे बनवणाऱ्याला काय ठाऊक?"

"पण रविवारी पिंपळगावला गायचंय हो! तिथंही हसं झालं, तर पार्टी मोडेल."

"मोडत नाही. बघू या."

त्यांनी जाड तार घेऊन नवा ट्रान्सफॉर्मर गुंडाळला. तो माझ्या पोटात मावेना, म्हणून पाठीवर बोल्टांनी आवळला. मला कुबड आलं. कुसाबाई पोट धरून हसल्या.

पिंपळगावात मांडव खच्चून भरला होता. लासलगावला हसलेलेही पुढेच बसलेले. ऐन रंगात दिवे मंदावले, मग भपकन उजळले. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. कुबड तापलं, पण मी तग धरला. कुसाबाईंनी वरचा सूर लावला आणि तो थेट हायवेपर्यंत गेला. ट्रक थांबले, ड्रायव्हर खाली उतरले.

"वन्स मोअर!" मांडव गरजला.

कुसाबाईंनी यशोदाबाईंना हात धरून मंचावर आणलं. "आज माझा आवाज तुमच्यापर्यंत पोचला, तो या माझ्या बहिणीमुळं!" टाळ्या थांबेचनात. यशोदाबाई पदरानं डोळे पुसत होत्या.

त्याला चार वर्षं झाली. दुकानांत आता माझ्याहून हलकी, माझ्याहून देखणी यंत्रं येतात. घ्या खुशाल, पण आधी ती आपल्या विजेवर दिवसभर वाजवून बघा. मला मात्र इतक्यात माळ्यावर टाकू नका. उद्या निफाडला कार्यक्रम आहे. आवाज चढाच ठेवा, मला सोसतो!